कंदील खुंटीलाच राहू दे

चि. सई,

तुझी रहस्यकथा पोचली. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या एकदा वाचली. झोप उडाली असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, पण झोप छान लागली. म्हणून सकाळी चहानंतर पेन्सिल घेऊन पुन्हा बसलो. ‘मामा, खरं खरं सांग’ असं तूच बजावलंयस, तेव्हा आता रुसायचं नाही.

मी काही मोठा लेखक नव्हे. सत्र न्यायालयात एकतीस वर्षं लघुलेखक म्हणून जबान्या टंकल्या आणि फावल्या वेळात दिवाळी अंकांना वीसेक रहस्यकथा दिल्या, एवढंच माझं भांडवल. पण त्या एकतीस वर्षांत खून करणारे, बघणारे, न बघता बघितलं म्हणणारे आणि बघूनही विसरणारे असे सगळे माझ्यापासून हातभर अंतरावर उभे राहून बोलले. त्यातलं जे तुझ्या उपयोगाचं आहे ते सांगतो.

तुझी गोष्ट अशी. सांगलीतले हळदीचे बडे व्यापारी अण्णासाहेब. रात्री कुणीतरी त्यांच्या चहात विष कालवतं. खोलीत सिगारेटचं थोटूक सापडतं. मुंबईहून खाजगी गुप्तहेर येतो, सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो, तासभर बोलतो, आणि पुतण्या प्रताप ढसाढसा रडत इन्स्पेक्टरसमोर गुन्हा कबूल करतो. हे सगळं तू कुठेतरी वाचलेलं किंवा मोबाइलवर बघितलेलं आहे. सध्या असल्या मालिकांचं पेवच फुटलंय.

आणि पेवावरून आठवलं. पान ६ वर तू एक ओळ लिहून गेलीस, की अण्णासाहेबांची हरिपुरात जुनी पेवं होती. बस, एकच ओळ. अगं, तुझी गोष्ट त्या ओळीत आहे आणि तू ती सोडून मुंबईच्या गुप्तहेरामागे धावलीस! तुझे आजोबा पेढीवर दिवाणजी होते. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची ती पेवं तू लहानपणी त्यांचं बोट धरून बघितली आहेस. जमिनीच्या पोटात खणलेला मोठा रांजणच तो. तोंड लहान, पोट मोठं. आत हळद भरायची आणि वरून तोंड मातीनं बंद करायचं. महिनोन्‌महिने हळद आत राहते. पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरत नाही, कारण आतली हवा कोंडून मेलेली असते. तोंड काही तास उघडं ठेवायचं. जुने हमाल आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडत. ज्योत टिकली तर माणूस उतरेल, विझली तर थांबायचं. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यातली बरीच पेवं बाद झाली. आता माल गोदामात आणि शीतगृहात जातो. म्हणजे हे जग तुझ्या वाचकाला माहीत नाही आणि तुला माहीत आहे. रहस्यकथा लिहिणाऱ्याला याहून मोठं घबाड कुठलं?

अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात टॉर्की गावातल्या इस्पितळात औषधं बनवून द्यायच्या कामाला होती. कुठल्या बाटलीत काय आहे आणि त्याचे किती थेंब माणसाला पुरतात, हे ती तिथे शिकली. १९२० साली आलेल्या तिच्या पहिल्या कादंबरीत खून विषानं होतो तो त्यामुळे. तिनं विष लिहिलं कारण तिच्या हाताला त्याचा वास होता. तुझ्या हाताला हळदीचा आहे. शिवाय शेतावरची बहुतेक कीटकनाशकं इतकी उग्र असतात, की चहात घातली तर कप ओठाला लागण्याआधीच माणूस तोंड फिरवेल. चहा सोड.

तर अण्णासाहेब पेवात मरतात. आता एक कागद घे आणि गोष्ट लिहायच्या आधी खून लिही. कुणी, कधी, कुठे, कसा, का. त्या संध्याकाळी सहापासून दुसऱ्या सकाळपर्यंत प्रत्येक पात्र कुठे होतं, घड्याळाप्रमाणे. जे गोष्टीत कधीच येणार नाही तेही. वाचक शेवटाकडे चालत जातो, आपण शेवटाकडून चालत यायचं असतं. यावर जास्त बोलत नाही, सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे.

फक्त त्या कागदावर तिथी लिहायला विसरू नकोस. माझ्या दुसऱ्याच गोष्टीत खून लक्ष्मीपूजनाच्या रात्री होता. दिवाळी अंक म्हणून मोठ्या हौशीनं तो दिवस निवडला होता. खुनी वाड्याची भिंत ओलांडतो आणि चांदण्यात त्याचा चेहरा मोलकरणीला दिसतो. संपादकांना दिसलं नाही, मुद्रितशोधकाला दिसलं नाही. अंक निघाल्यावर मिरजेहून एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं, ‘लक्ष्मीपूजन अमावास्येला असते. आपण चांदणे कोठून आणले, ते कळवावे.’ ते कार्ड मी अजून जपून ठेवलंय. रहस्यकथेचा वाचक कवितेच्या वाचकासारखा भाबडा नसतो. तो पहिल्या ओळीपासून तुला पकडायला बसलेला असतो.

आता खरा मंत्र सांगतो. बाकीचं विसरलीस तरी चालेल. वाचकापासून काही लपवायचं नाही. महत्त्वाची वस्तू त्याच्या डोळ्यांसमोर ठेवायची आणि त्याच वेळी त्याला दुसऱ्या कामाला लावायचं. एडगर अ‍ॅलन पोनं १८४४ मध्ये चोरलेल्या पत्राची गोष्ट लिहिली, त्यात पोलीस घर उकरतात आणि पत्र उघड्यावर अडकवलेलं असतं. तुझं सिगारेटचं थोटूक मात्र पायरीवर ठेवलेल्या दिव्यासारखं ‘मी पुरावा आहे, मी पुरावा आहे’ म्हणत बसलंय.

त्याऐवजी कंदील घे. असं कर. पान ४ वर वाड्यात संध्याकाळी लाइट जाते. सूनबाई अंधारात चाचपडत खुंटीवरचा कंदील काढते. काडेपेटी सापडत नाही, पोरगं रडतंय, सासूबाई देवघरातून ओरडतायत की तुळशीपाशी दिवा लावायचा राहिला. सून कंदील पेटवते आणि पोराला उचलते. झालं. वाचकाला वाटेल, तू वाड्याचं वातावरण रंगवतेयस. तो सासू-सुनेच्या बोलण्याकडे बघेल.

मग पान ९ वर एक म्हातारा हमाल चहाच्या टपरीवर फुशारकी मारतो, की आमच्या वेळी कंदील सोडल्याशिवाय अण्णासाहेब मांजराला पण पेवात उतरू द्यायचे नाहीत. हे त्यानं अण्णासाहेबांची आठवण काढून, डोळे पुसत म्हणायला हवं. म्हणजे वाचक त्या रडण्याकडे बघेल.

आणि तिसरा तुकडा पंचनाम्यात. सई, पंचनामा ही रहस्यकथाकाराला देवानं दिलेली जागा आहे आणि मराठीत तिचा उपयोग फार थोड्यांनी केला. त्याची भाषाच अशी, की वाचणाऱ्याचे डोळे घसरतात. ‘सदर ठिकाणी पेवाचे तोंडाजवळ चामडी चपलांचा जोड एक, सुताची दोरी एक, वेताची टोपली एक, दोन सेलची बॅटरी एक चालू स्थितीत, पांढरी टोपी एक असे मिळून आले.’ मी अशा हजार याद्या टंकल्या. वकीलसुद्धा त्या भरभर ओलांडतात. तुझा वाचकही ओलांडेल. आणि तिथेच दोन गोष्टी पडल्या आहेत. कंदील नाही, आणि बॅटरी आहे.

म्हणजे बघ. अण्णासाहेब स्वतः उतरले असते तर आधी कंदील सोडला असता. तो तर त्या वेळी वाड्यात सूनबाईच्या हातात होता. मग बॅटरी कुणी आणली? ज्याला पेवात माणसं मरतात हे ऐकून माहीत आहे, पण कंदील कशासाठी सोडतात हे माहीत नाही, त्यानं. प्रतापनं. तो पुण्यात शिकलेला, पेढीवर येऊन वर्ष झालेलं. त्याला वाटलं कंदील उजेडासाठी असतो, म्हणून अपघात खरा वाटावा यासाठी त्यानं बॅटरी ठेवली. त्याची चूक त्याच्या स्वभावातून आणि अर्धवट ज्ञानातून निघाली पाहिजे. खिशातून रुमाल पडला, बटण तुटलं, असल्या चुका पात्र करत नाही, लेखक करतो.

तीन तुकडे, तिन्ही एकमेकांपासून लांब. एका पानावर दोन आले तर वाचक जोडून मोकळा होईल. कॉनन डॉईलनं १८९२ च्या एका कथेत न भुंकलेल्या कुत्र्यावरून चोर ओळखला. नसलेली वस्तू हा सगळ्यात देखणा पुरावा, कारण तो कुणाच्याच नजरेत येत नाही. पण त्यासाठी ती असायला हवी होती, हे वाचकाला तू आधी सांगितलेलं असलं पाहिजे. नाहीतर ती लबाडी. शेवटच्या पानावर अचानक जुळा भाऊ काढणाऱ्या लेखकाचं पुस्तक आम्ही लायब्ररीत परत देताना त्यावर पेन्सिलीनं शेरा मारायचो. काय मारायचो ते इथे लिहीत नाही.

पोलिसांबद्दल. तुझ्या गोष्टीत प्रेत सापडल्यावर पाच मिनिटांत इन्स्पेक्टर जीपमधून उतरतो. गावात आधी पोलीस पाटलाला कळतं. तो ठाण्याला वर्दी देतो. मग हवालदार येतो, फार तर फौजदार. आणि पहिल्या दिवशी खुनाचा गुन्हा दाखल होत नाही, अकस्मात मृत्यूची नोंद होते. मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन, व्हिसेरा राखून ठेवणं. मग तो रासायनिक तपासणीला जातो. त्याच्या अहवालाला आमच्याकडे सीए रिपोर्ट म्हणतात आणि त्याची वाट बघण्यात महिने जातात. तुझ्याकडे तो दुसऱ्या दिवशी दुपारी आलाय! या उशिराचा उपयोग कर. त्या दिवसांत गाव बोलतं, पेढीवर वाटण्यांच्या गोष्टी निघतात, प्रताप निर्धास्त होतो. शेवटी कागद येतो तेव्हा त्यावर लिहिलेलं असतं, की विष आढळून आले नाही. अपघातावर शिक्कामोर्तब. वाचकही सुस्कारा टाकतो, आणि अजून दहा पानं शिल्लक असतात.

ती कबुली तर काढूनच टाक. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं. त्याला २७ ची एक खिडकी होती, की आरोपीनं सांगितल्यावरून एखादी वस्तू हस्तगत झाली तर तेवढ्यापुरतं बोलणं चालतं. नव्या साक्ष्य अधिनियमात हे दोन्ही कलम २३ मध्ये आलंय. म्हणून पोलीस दोन पंच बसवून निवेदनाचा पंचनामा करतात आणि आरोपी पुढे, पंच मागे असे निघतात. हा प्रवास लिहिण्यासारखा असतो. मी ऐकलेल्या जबान्यांत असाही पंच होता, जो ठाण्यासमोर पानाची टपरी चालवायचा. बचावाच्या वकिलानं विचारलं, आजवर किती वेळा पंच झालात? तो म्हणाला, मोजले नाहीत साहेब. कोर्ट हसलं, सरकारी वकील हसले नाहीत. खटला तिथेच लंगडा झाला. खऱ्या जगात गुन्हेगार सापडणं आणि शिक्षा होणं यात कृष्णेच्या दोन काठांइतकं अंतर आहे. तुझी गोष्ट कुठल्या काठावर संपते, ते तू ठरव.

काळसुद्धा ठरव. तू घडवलंयस आजच्या काळात, पण पेव पाहिजे तर १९९८ कडे जा. तिथे खुनाला कलम ३०२ आहे. १ जुलै २०२४ नंतरच्या गोष्टीत १०३ लिहावं लागेल, आणि ३०२ लिहिलंस तर ते मिरजेचं पोस्टकार्ड येईलच. १९९८ मध्ये गावाकडे मोबाइल नाही. एसटीडी बूथ आहे, आणि बूथवाला जी छापील पावती देतो तिच्यावर नंबर आणि वेळ असते. प्रतापनं ‘मी त्या वेळी कोल्हापूरहून फोन करत होतो’ म्हणून तसली पावती दाखवली तर? पावतीवर वेळ असते, फोन करणाऱ्याचं नाव नसतं. हे मी तुला फुकट देतोय.

आजच्या काळात लिहायची असेल एखादी, तर दोन गोष्टी ध्यानात ठेव. टॉवरवरून माणूस कुठल्या भागात होता एवढंच कळतं, कुठल्या खोलीत ते नाही. आणि दुकानावरच्या सीसीटीव्हीचं घड्याळ खऱ्या वेळेच्या मागे-पुढे असतं. चांगला तपासी अंमलदार तो फरक पंचनाम्यात लिहून घेतो. आळशी घेत नाही. या फरकात एक अख्खी कथा मावते, ती मी लिहिणार होतो, आता तू लिही.

प्रेताबद्दल थोडंच. ‘डॉक्टरांनी मनगट धरून सांगितलं, मृत्यू रात्री ९ वाजून १० मिनिटांनी झाला,’ हे वाक्य खोड. शरीर ताठरतं ते दोन-चार तासांत सुरू होऊन साधारण बाराएक तासांत सगळीकडे पोचतं, आणि उन्हाळ्यात लवकर येतं, लवकर जातं. डॉक्टर नेहमी ‘अमुक ते अमुक तासांच्या दरम्यान’ म्हणतात. त्या ‘दरम्यान’मध्येच आपलं दुकान चालतं. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावताच बाई कोसळली, हेही नको. त्याला मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात बाई दोन गुद्दे देईल.

मुंबईच्या गुप्तहेराला परत पाठवून दे. त्याला अटकेचा अधिकार नाही, आणि आपल्याकडचे खाजगी गुप्तहेर बहुधा लग्नाच्या स्थळांची चौकशी करत फिरतात. तपास करणारं माणूस असं निवड, ज्याला लोक न विचारता सांगतात. कंपाउंडर, पोस्टमन, पोलीस पाटील, पार्लरवाली. मला विचारशील तर तलाठी. अण्णासाहेबांच्या मरणानंतर वारसनोंदीसाठी पहिला अर्ज कुणी आणि किती दिवसांत केला, हे त्याला कुणाच्या आधी कळतं. दहावा व्हायच्या आत प्रताप फेरफाराची चौकशी करायला चावडीवर येतो, एवढं एक दृश्य पुरे.

आणि कारण मोठं नको. आंतरराष्ट्रीय टोळी, हिरे, फॉर्म्युला, काही नको. मी टंकलेल्या जबान्यांत बांध होता, पाण्याची पाळी होती, लग्नात न केलेला मानपान होता, आणि चारचौघांत ‘तू कोण विचारणारा’ म्हटलेलं एक वाक्य होतं. प्रतापनं पेवातली हळद दोन ठिकाणी तारण ठेवलीय आणि अण्णासाहेब उद्या पेव उघडणार आहेत. एवढं कारण सांगलीत कुणालाही पटेल. पण त्याआधी एकदा अण्णासाहेबांनी सगळ्या पेढीसमोर त्याला हिशेबाची वही परत करताना ‘तुझ्या बापाचंही गणित कच्चंच होतं’ असं म्हणू दे. वाचकाला खुनी थोडासा आवडला पाहिजे. अण्णासाहेब थोडेसे नावडले पाहिजेत. सोन्यासारख्या माणसाच्या खुनात रहस्य उरत नाही, नुसतं दुःख उरतं.

वाचायचं काय, असं विचारलंयस. बाबुराव अर्नाळकर वाच, हसू नकोस. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसाला प्रकरण कुठे तोडावं हे कळत होतं. आम्ही झुंजार आणि काळापहाड भाड्यानं आणून एका रात्रीत संपवायचो, कारण सकाळी परत द्यायचं असायचं. सुहास शिरवळकरांचा अमर विश्वास वाच, संवादांसाठी. कोर्ट त्यांच्याकडे जरा जास्तच चटपटीत आहे, पण वाक्यं कशी टाकायची ते शीक. श्रीकांत सिनकरांनी मुंबई पोलिसांच्या खऱ्या तपासांवरून लिहिलं, त्यात ठाण्याचा वास आहे. आणि ख्रिस्तीची १९२६ ची ‘रॉजर अ‍ॅक्रॉइड’ दोनदा वाच. पहिल्यांदा फसण्यासाठी, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, तिनं नेमकं कुठल्या वाक्यात तुला फसवलं त्याखाली रेघ मारत. मी मारल्या आहेत, पण माझी प्रत देणार नाही.

जमलं तर एकदा सत्र न्यायालयात जाऊन मागे बस. खुल्या कोर्टात कुणालाही बसता येतं. साक्षीदार खोटं बोलताना नजर चुकवतो हे सिनेमातलं. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा जास्त तपशील देतो. खरा माणूस म्हणतो, ‘आता नाही बा आठवत.’ तुझा प्रताप त्या संध्याकाळचा हिशेब मिनिटामिनिटाचा देऊ दे, आणि सूनबाईला मात्र लाइट किती वाजता गेली तेही धड सांगता येऊ नये.

दिवाळी अंकवाले ऑगस्टपर्यंत मजकूर मागतात, म्हणजे हातात दोन महिने आहेत. नव्यानं लिही, जुन्यावर डागडुजी नको. मोठ्या मामीला तुझी आजची गोष्ट वाचायला दिली होती. तिनं दुसऱ्या पानावर प्रतापला ओळखलं आणि भाजी चिरायला निघून गेली. नवी गोष्ट झाली की आम्हा दोघांना पाठव, पण शेवटची तीन पानं स्वतःकडे ठेव. आधी आम्ही ओळखून बघतो, मग मागू.

तुझा,
मामा